सुनेच्या ताटाचं वजन

माझी नोकरी नेमकी काय होती, हे सासरच्या मंडळींना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं की नणंद सांगायची, "वहिनी लोकांची पोटं मोजते." सगळे हसायचे आणि मला राग यायचा. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, नणंदेनं इतक्या थोडक्यात सांगितलं ते काही वाईट नव्हतं.

आपल्या देशात माणसं काय खातात, किती खातात, अंग किती हलवतात आणि त्यापायी त्यांची वजनं कुठं चालली आहेत, याची दर काही वर्षांनी देशभर पाहणी होते. मग पेपरात बातमी येते की शहरात लठ्ठपणा वाढला, आता खेड्यातही वाढतोय. बातमी वाचणाऱ्याला वाटतं, हे कुठल्या तरी यंत्रातून निघत असेल. ते निघतं कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून. तिथं एक बाई पाटावर बसून घरधनिणीला विचारत असते, काल सकाळी उठल्यावर पहिलं काय घेतलं, मग काय, मग काय. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत ती पाटावरची बाई मी होते.

घरं आम्ही निवडत नसू. लांबच्या कचेरीतला संगणक गावं काढायचा आणि गावात पोचल्यावर ठरावीक अंतरानं घरं घ्यायची. शेजारच्या घरानं कितीही आग्रह केला तरी तिथं जायचं नाही, आणि निवडलेल्या घरानं तोंडावर दार लावलं तरी पुन्हा तिथंच जायचं. सोबत वजनकाटा, उंचीची पट्टी, कमरेची टेप आणि स्टीलच्या लहानमोठ्या वाट्यांचा एक संच. "थोडंसं वरण" म्हणजे किती, हे प्रत्येक घरात वेगळं असतं, म्हणून वाट्या समोर मांडून विचारायचं, यातली कोणती? दर्यापूरकडच्या एका आजीनं तर सरकारनं भांडी वाटली असं समजून सगळा संच पदरात घेतला आणि मला तोंड भरून आशीर्वाद दिला. तो परत मागताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या जोडीला खंडारे होता. पुरुषांची मापं तो घ्यायचा, बायकांची मी. माणूस पोटाच्या बाबतीत किती लबाड असतो हे मला खंडारेनं शिकवलं. अकोल्यातले एक कापसाचे अडते, चांगले भरलेले गृहस्थ, टेप लावली की श्वास ओढून पोट आत घ्यायचे. टेप तशीच धरून खंडारेनं विचारलं, "सेठजी, आज कापसाले भाव काय हाय?" सेठजी भाव सांगायला लागले आणि पोट आपोआप जागेवर आलं. खंडारेनं आकडा वाचला, मी लिहून घेतला.

अमरावतीच्या एका निवृत्त साहेबांनी मला सकाळी ओट्स, दुपारी काकडी-टोमॅटो आणि रात्री सूप असं सांगितलं. मी पण इमानदारीत लिहीत होते. त्यांच्या बायकोला दारात उभं राहून ते ऐकवेना. ती म्हणाली, "अहो, आणि काल चौकात उभं राहून दह्यातला गिलावडा कोणी खाल्ला? मी?" साहेबांनी मग माझ्याकडे न बघता वाट्यांपैकी मोठी वाटी उचलून दाखवली.

सगळ्यात मजा यायची व्यायामाच्या प्रश्नांना. मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत एका बाईला मी विचारलं, श्वास फुलेल असं काम तुम्ही करता का? ती सकाळपासून पाणी भरून, धुणं धुऊन, बागेतलं गवत काढून नुकती टेकली होती. ती म्हणाली, "श्वास कायले फुलते बाई? रोजचंच तर हाय." आणि व्यायाम? तर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "त्याले येळ कुठं हाय?" ते प्रश्न ज्यानं तयार केले त्यानं कधी बागेतलं गवत काढलं नसावं. मी तिला एकेक काम वेगळं विचारत गेले, तेव्हा कुठं कागदावर ती जेवढं राबत होती त्याच्या जवळपास काही उतरलं.

या नोकरीत पैसा फार नव्हता आणि बढती जवळजवळ नव्हतीच. पण घरं होती. माझे मिस्टर गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, घरात मी एकटी उरले, तरी नोकरी होती तोवर मला एकटं वाटलं नाही. सकाळी जीप निघाली की दिवसभरात चार-पाच चुली, चार-पाच तऱ्हेची फोडणी. अनोळखी बाई मला आत बोलवायची आणि तासाभरात मला तिच्या घरात तेल किती दिवस पुरतं इथपासून कोणाला वांगं चालत नाही इथपर्यंत सगळं कळायचं. सख्ख्या बहिणीच्या घरचं मला इतकं ठाऊक नाही. आणि मग नियमाप्रमाणे ते घर सोडायचं. माहिती घेतली की नाव कापायचं, क्रमांक ठेवायचा. पुन्हा जायचं नाही, ओळख वाढवायची नाही, सल्ला द्यायचा नाही. रक्तदाब किंवा साखर फार वाढलेली निघाली तर दवाखान्याची चिठ्ठी द्यायची, बस. नियम चांगलाच आहे, त्यामुळेच लोक खरं बोलतात. पण त्या नियमानं मला किती घरांसाठी झुरायला लावलं, हे मलाच ठाऊक. त्यातलं एक घर तर मनातून हललंच नाही.

अंजनगाव सुर्जीच्या पुढचं गाव. नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. भाजीपाल्याचा मळा असलेलं माळ्याचं कुटुंब. वांगी, मेथी, सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पहाटे बाजारात जायची. घरात सासू गोदाबाई, तिचे दोन मुलगे, मोठ्याची बायको विमल आणि विमलची पोरं. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं. काही घरांत आम्ही नुसतं विचारून थांबत नसू, दिवसभर बसून चुलीवर चढणारी प्रत्येक वस्तू आणि प्रत्येकाचं ताट तोलायचो. हे तसं घर होतं.

विमल अंगानं भरली होती. भरली म्हणजे त्या घरातल्या बाकी काटक्यांमध्ये एकदम डोळ्यात यावी इतकी. सकाळी आतल्या खोलीत, पडदा ओढून मी तिच्या कमरेला टेप लावली, तर ती हळूच म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचार ना."

"तुमच्या या मोजमापातून समजते काय, मानूस चोरून खाते का नाई ते?"

मी टेप तशीच धरून राहिले. "का गं?"

"घरात सारे मनतात. सासूबाई मनतात, धनी बी मनतात. सर्‍याइच्या मागून खाते आन् सर्‍याइपेक्षा जाडी होते, मंग हे आंग येते कुठून? डब्यातला गूळ कमी झाला की माह्यावर येते. पोट्टे बी आता मले पाहून हासतात." तिचे डोळे भरले होते, पण आवाज खाली ठेवून बोलायची सवय इतकी की तो हलला नाही. "मी चोरून खात नाई, बाई. तुमी त्याइले सांगा ना. तुमचं सरकारी हाय, तुमचं आयकतीन."

मी तिला सांगितलं की मला तसं बोलता येत नाही. हे सांगताना मला जी लाज वाटली ती अजून आठवते. मी डॉक्टर नाही, तिचं वजन कशानं वाढलं ते मी सांगू शकत नव्हते. बाळंतपणं, थायरॉइड, काहीही असेल. पण सकाळपासून बसून मला एवढं दिसलं होतं की तिला भूक लागली की ती चहा करून घ्यायची, गोडमिट्ट, आणि त्यात टोस्ट बुडवायची. चहा सगळ्यांसमोर घेता येतो. चहा घेणाऱ्या सुनेला कोणी खादाड म्हणत नाही.

दुपारी जेवणं सुरू झाली. भाकर, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, ठेचा. त्या घरात रांधायचं विमलनं आणि वाढायचं गोदाबाईनं. पुरुष जेवले, पोरं जेवली. प्रत्येक ताट खंडारे काट्यावर ठेवत होता, मी लिहीत होते. मग गोदाबाईनं स्वतःचं घेतलं, जेवली, हात धुतले आणि मला म्हणाली, "झालं बाई तुमचं काम."

"सून राहिली ना, मावशी."

"ते घेईन आपल्या हातानं. सर्‍याइच्या मागून घेते ते."

त्या क्षणी मला समजलं की या घरात विमलला जेवताना कोणी कधी पाहिलेलंच नाही. सगळे उठून बाहेर गेल्यावर, चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून ती खात होती. मग घरातल्या प्रत्येकानं तिचं ताट आपापल्या कल्पनेनं भरून टाकलं होतं.

आमचा नियम एवढाच होता की ताट खाण्याआधी तोललं पाहिजे. ते कोणी वाढायचं याबद्दल नियमात अक्षर नव्हतं. पण मी वही मांडीवर ठेवली आणि चेहरा शक्य तितका कोरा ठेवून म्हणाले, "तसं चालत नाही, मावशी. जिनं सगळ्यांना वाढलं तिनंच सगळ्यांना वाढायचं. सरकारी पद्धत आहे." खंडारेनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काटा पुसायला घेतला.

गोदाबाई कुरकुरत उठली. पळी घेऊन पातेल्यात वाकली आणि तशीच थांबली. भाजीच्या पातेल्यात रस्सा होता, वांग्याच्या दोन फोडी कडेला चिकटलेल्या. वरण तळाला. टोपलीत दीड भाकर.

"इतकंच हाय?" ती म्हणाली.

"रोज इतकंच रायते," विमल म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मला नीट ऐकू आला. दारात तिचा नवरा उभा होता, तो पायाकडे बघू लागला.

गोदाबाईनं होतं ते सगळं खरवडून ताटात घेतलं. खंडारेनं तोललं, आकडा सांगितला. घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या ताटाच्या आसपासचा तो आकडा होता. मी मोठ्यानं काही म्हटलं नाही, पण खंडारेनं सकाळपासून प्रत्येक आकडा मोठ्यानं सांगितला होता, तसा हाही सांगितला. मग म्हातारी शिंक्याकडे गेली. सकाळसाठी राखून ठेवलेलं दही तिनं काढलं, माझ्या वाट्यांमधली एक मोठी वाटी स्वतःच उचलली, काठोकाठ भरली आणि सुनेच्या ताटात ओतली.

"लिवा," ती माझ्यावर खेकसली. "दही. वाढलं म्हनून लिवा."

मी लिहिलं. खंडारेनं ताट पुन्हा तोललं. आमच्या कागदावर शेवटी एक प्रश्न असतो की आजचं जेवण रोजच्यासारखं होतं का. त्याच्यासमोर मी 'नाही' लिहिलं. कारण विचारलं होतं, तिथं लिहिलं, 'आज सासूने वाढले'. पुढं आमच्या साहेबांनी हे काय लिहिलंय म्हणून मला बोलावून घेतलं आणि पाहुण्यांमुळे बदल असा शेरा घालायला लावला.

संध्याकाळी निघताना विमल गोठ्याशी उभी होती. हात हलवावा की नाही असा तिला प्रश्न पडला असावा, तिनं पदर सारखा केला.

नंतर त्या पाहणीचा जाडजूड अहवाल आला. खेड्यातल्या बायकांच्या वाढत्या वजनाचं अख्खं प्रकरण होतं. त्यातल्या एका टक्क्यात विमल होती, तिच्या दह्याच्या वाटीसकट. मी ती पानं उगाच चाळत बसले. अहवाल खरा होता, त्यातला आकडा न् आकडा खरा होता, याचा मला आजही अभिमान आहे. पण मला जे हवं होतं ते त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला कोणी वाढलं का? गुळाचा डबा निघाला की अजून तिच्याकडे बघतात का? की आमची जीप वळली आणि म्हातारीनं सगळा राग तिच्यावर काढला? अंजनगावच्या रस्त्यानं पुढं कितीदा तरी गेले. तो फाटा आला की मी खिडकीला चिकटायची आणि खंडारे म्हणायचा, "मॅडम, नाही." मला ते ठाऊक होतंच. हातात टॅबलेट आला, वाट्यांच्या जागी वाट्यांचे फोटो आले, खंडारे निवृत्त झाला, मग मी झाले. त्या घराची ओढ मात्र तशीच राहिली.

गेल्या हिवाळ्यात मी गेले. आता मी कोणाची नोकर नव्हते. दर्यापूरमार्गे बस, मग फाट्यावरून ऑटो. दार उघडंच होतं. अंगणात एक पिकल्या केसांची बाई मेथीच्या जुड्या बांधत होती. ती अंगानं तशीच होती, म्हणून ओळखली. मी नाव सांगायच्या आत ती उठली.

"मापवाल्या बाई," ती म्हणाली. "उशीर केला तुमी."

मला काही कळेना. तिनं मला आत नेलं, पाणी दिलं. गोदाबाईचा फोटो भिंतीवर होता, हार वाळलेला.

"लय वाट पायली त्याइनं तुमची," विमल सांगू लागली. "तुमी गेल्या ना, दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई पयी घेऊन पातेल्यापाशी बसल्या. मले मने, बस, वाढतो. मी मनलं, रावू द्या. तर मने, रावू द्या कसं? सरकारी पद्धत हाय ते. ते बाई पुन्हा तपासाले येतीन आन् तू सांगशीन का बुढीनं वाढलं नाई, तं राशन बंद होईन आपलं."

मी हसायला लागले आणि मला ते थांबवता येईना. विमलही हसली.

"खरंच. साऱ्या गावात सांगत फिरल्या. सुनेले सासूनंच वाढाचं, कायदा निंगाला हाय. दोन-चार घरी तं वाढाले बी लागल्या बायका. जीप दिसली रस्त्यानं का मले हाका मारे, ये लवकर, बस ताटावर!"

"आणि ते... चोरून खाण्याचं?"

"मनत होत्या ना. तोंडाले त्याइच्या कुलूप कुठं होतं? गूळ कमी झाला का मनेच. मनता मनता वाढे. धनी बी मंग तिथंच बसून रायचे." ती जरा थांबली. "शेवटच्या दिवसाइत हात उचलत नोता, तरी पयी धरे. मी खालून हात लावो. जायच्या आधी मले मने, ते बाई आल्या तं सांगजो त्याइले, बुढीनं एक दिवस खाडा केला नाई म्हना."

मी फोटोकडे बघत राहिले. मी येणारच नव्हते. नियमानं मला यायचं नव्हतं. आणि ती म्हातारी इतकी वर्षं माझ्या येण्याच्या धाकानं, माझी वाट बघत, रोज दुपारी पळी हातात घेऊन बसत होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

विमलनं माझ्यासाठी पान घेतलं. भाकर, मेथीची भाजी, वरण. मुलगा-सून अकोल्याला नोकरीला, नवरा दिवसभर मळ्यात, त्याचा डबा तिकडंच जातो. मी म्हटलं, तूही बस. ती म्हणाली, तुमचं होऊ द्या, मी घेईन मागून.

"भूक नाही का?"

"हाय ना. पन खरं सांगू काय, बाई? आता आपल्या हातानं घ्यावं लागते. घेतो, खातो, पन जेवलं असं वाटत नाई. सासूबाई शिव्या देत वाढे तं पोट भरे."

नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी कोणाच्या घरी वाढायला पळी हातात घेतली नाही, आम्हाला मनाई होती. मी उठले, फडताळातून दुसरं ताट काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. ती गडबडून उठायला लागली, तिला खांदा दाबून बसवलं. भाकर वाढली, भाजी वाढली, वरणाची पळी भरली, आणि तिच्याकडे न बघता अजून एक भरली.

"बस ना बाई, बस," विमल म्हणाली, पण ताट मागं ओढलं नाही.